मोगली एरंडावर उडालेलं विमान

२७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचं एक छोटं विमान डेहराडूनहून निघून दिल्लीला उतरलं. त्यात भरलेल्या इंधनाचा पाव हिस्सा मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, तेलापासून केलेला होता. बिया छत्तीसगडच्या आणि प्रक्रिया डेहराडूनच्याच भारतीय पेट्रोलियम संस्थेची.

वनस्पती तेलावर इंजिन चालणं तसं जुनंच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण कच्चं वनस्पती तेल डिझेलच्या कितीतरी पट घट्ट. त्याचा फवारा नीट उडत नाही आणि आत काजळी धरते.

यावरचा सोपा इलाज म्हणजे बायोडिझेल. तेलात मिथेनॉल आणि उत्प्रेरक म्हणून थोडा कॉस्टिक सोडा घालून साधारण साठ अंशांवर ढवळायचं. ग्लिसरीन तळाशी बसतं, वर इंधन राहतं. त्यात ऑक्सिजन मात्र उरतोच. म्हणून ते साठवणीत लवकर खराब होतं, थंडीत गोठू लागतं आणि विमानाला चालत नाही.

विमानासाठी हा ऑक्सिजन काढावाच लागतो, आणि इथे उत्प्रेरकाची खरी करामत दिसते. पोलादी मनोऱ्यात अॅल्युमिनाचे काही मिलिमीटर लांबीचे सच्छिद्र तुकडे ठासून भरलेले असतात. त्यांच्या छिद्रांत निकेल आणि मॉलिब्डेनमची सल्फाइडं पसरलेली. तीनशे ते चारशे अंश तापमानाला, प्रचंड दाबाखाली, तेल आणि हायड्रोजन त्यांच्यातून जातात. तेलाच्या वजनात सुमारे ११ टक्के असलेला ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, ग्लिसरीनच्या कण्याचा प्रोपेन होतो. मागे उरतात पंधरा ते अठरा कार्बनच्या सरळ साखळ्या, अगदी खनिज डिझेलमध्ये असतात तशाच.

अडचण एवढीच, की अठरा कार्बनची सरळ साखळी २८ अंशांनाच गोठते आणि विमानाचं इंधन उणे चाळिसातही वाहतं राहायला हवं. मग झिओलाइटसारख्या सूक्ष्म छिद्रांच्या पदार्थावर प्लॅटिनमसारखा धातू बसवलेला उत्प्रेरक लागतो. तो साखळ्या तोडतो, त्यांना फांद्या फोडतो. फांद्यांचे रेणू एकमेकांना चिकटून रचले जात नाहीत, म्हणून लवकर गोठत नाहीत.

हे आता प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. फिनलंडच्या नेस्टे कंपनीने २००७ मध्ये पोर्वो इथे हायड्रोजनवर आधारलेला कारखाना सुरू केला. पुढे सिंगापूर आणि रॉटरडॅमलाही. तंत्र हाताशी आहे, तुटवडा आहे तो तेलाचा. भारताने २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळण्याचं उद्दिष्ट धरलं होतं, आणि बायोडिझेलची सारी भिस्त जट्रोफावर होती. पडीक जमिनीत झाड जगतं खरं, पण खतपाण्याशिवाय बिया धरत नाही. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचं लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्के असं खाली आलं. खाद्यतेल वळवायचं म्हटलं, तर देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण आयातच करतो.

म्हणून तळून काळं पडलेलं तेल मोलाचं ठरतं. १ जुलै २०१८ पासून, तळताना तेल मोडून बनणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेलेलं तेल पुन्हा स्वयंपाकात वापरायला मनाई आहे. अशा तेलात मोकळी मेदाम्लं वाढलेली असतात. कॉस्टिक सोड्याच्या पद्धतीत त्यांचा साबण होतो, हायड्रोजनच्या पद्धतीत त्यांचंही इंधनच होतं. मात्र त्यातला फॉस्फरस, मीठ आणि धातूंचे अंश आधी काढावे लागतात, नाहीतर उत्प्रेरक निकामी होतो. आणि त्याहीआधी हे तेल वड्याच्या गाड्यांवरून, खानावळींतून, फरसाणच्या कारखान्यांतून डबा-डबा गोळा करावं लागतं.