विहिरीतले क्लोराइड

समुद्राजवळच्या गास गावात विहिरींचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकण्याचा धोका असतो. रसायनशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्याला घराशेजारीच मिळणारा हा संशोधनविषय. खारेपणा दाखवणाऱ्या क्लोराइडचे मापन मोहर पद्धतीने होते: ५० मिली पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडायचे. आधी पांढरा साका बसतो; क्लोराइड संपले की पिवळ्यावर विटकरी छटा टिकते. तो क्षण हुकवणे फारच सोपे, म्हणून तीन वाचने जुळेपर्यंत थांबू नये. ०.०१४१ नॉर्मल द्रावण २५ मिली लागले, तर क्लोराइड लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम. एका दिवसाच्या नमुन्यावरून मात्र काहीच ठरत नाही. पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात, दोनदा मोजावे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास १०००.