बालगीत केवळ बालांचे नव्हे

मुलांसाठी म्हणून जे संगीत आज घराघरांतून ऐकू येते, त्यातील बरेचसे वडीलधाऱ्यांना सहन होत नाही. आणि यात काही वावगे आहे असेही कोणास वाटत नाही. मुलांचे गाणे मुलांना आवडले म्हणजे झाले, थोरांनी त्यात कशास डोकवावे, असा एक सोयीचा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. मराठी परंपरेकडे पाहिले तर हा समज टिकत नाही.

भोंडल्याचेच पाहा. आश्विनात पाटावर हत्ती मांडून मुली त्याभोवती फेर धरतात. गाणी मात्र सासर-माहेराची, खाष्ट सासूची, वेंधळ्या नवऱ्याची. सात-आठ वर्षांची मुलगी ती म्हणते ठेक्यासाठी आणि शेवटी ओळखावयाच्या खिरापतीच्या ओढीने. शेजारी फेरात असलेली तिची आई त्याच शब्दांतील सल ओळखून हसते. गाणे एकच, पण ते दोघींना दोन वयांतून भेटते. आईसाठी ते अवघड केलेले नाही, की मुलीसाठी पातळ केलेले नाही.

लेखी बालगीताने हा गुण उचलला तेव्हाच ते टिकले. 1953 सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातील ‘नाच रे मोरा’ हे गीत माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची आणि स्वर जेमतेम विशीच्या आशा भोसले यांचा. याच माडगूळकरांनी पुढे दोन वर्षांनी ‘गीतरामायण’ लिहावयास घेतले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुलांसाठी लिहिताना त्यांनी आपली लेखणी खालच्या पायरीवर उतरवली नाही. शब्द सोपे, पण एकही भरतीचा नाही. आणि गाणाऱ्या गळ्याने बोबडेपणाचे सोंग घेतलेले नाही. प्रौढाने मुलाचे बोबडे बोल उसने घेणे हा या प्रांतातील सर्वांत मोठा दोष होय. मुलालाही ते सोंग चटकन कळते. फक्त तक्रार करण्याइतकी भाषा त्याच्यापाशी नसते.

माडगूळकरांचेच ‘एका तळ्यात होती’ हे गीत अँडरसनच्या कुरूप पिलाच्या कथेवर बेतलेले आहे. मूल त्यात पिलाचे पुढे काय झाले याची वाट पाहते. थोरांना आपल्या शाळेतील एखादा एकटा पडलेला सोबती आठवतो. पाडगावकरांच्या ‘सांग सांग भोलानाथ’मध्ये याच्या उलट गंमत आहे. नंदीबैलाला विचारलेले प्रश्न मुलाच्या दृष्टीने अतिशय गंभीर आहेत, आणि त्या गांभीर्यामुळेच मोठ्यांना हसू येते. मीना खडीकर यांनी त्याला चाल दिली आणि ते गाणाऱ्यांत त्यांचीच मुले, योगेश आणि रचना, होती. मुलांच्या कोवळ्या गळ्यांना पेलेल अशी ती चाल आहे. तरीही ती बाळबोध वाटत नाही. राजा मंगळवेढेकरांच्या चॉकलेटच्या बंगल्याबद्दल तर काय बोलावे! घराचे हप्ते फेडणाऱ्या बापाला ते गाणे मुलापेक्षा अंमळ अधिकच कळत असावे.

अर्थात जुने ते सारे सोने होते असे नाही. लवकर उठा, दात घासा, खोटे बोलू नका, असा उपदेश यमकात बसवून त्यालाच बालगीत म्हणण्याची खोड त्या काळातही पुष्कळ होती. ती गाणी मुले विसरली, हे त्यांच्या अभिरुचीस शोभेसेच झाले. उलटपक्षी, संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ने आई-बापांनाही गुणगुणावयास लावले, तेव्हा प्रतिभेचा दुष्काळ पडला आहे असे रडगाणे गाण्याचे कारण नाही.

मग बदलले काय? घरात एकच रेडिओ होता, तोही फळीवर. पुणे आकाशवाणीचे ‘बालोद्यान’ लागले की स्वयंपाकघरातील आई आणि वर्तमानपत्रात डोके घातलेले आजोबा यांच्याही कानी ते पडे. गीतकाराला आणि संगीतकाराला हे ठाऊक होते. मुलांच्या आडून घरातील जाणत्या कानांना सामोरे जावयाचे आहे, या धाकाने त्यांचे काम नेटके होत असे. आज मुलाच्या हाती भ्रमणध्वनी दिला जातो, तोही बहुधा त्याने गप्प बसून जेवावे म्हणून. गाणे वाजते, चित्रे हलतात, एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते, आणि आई-बाप दुसऱ्या खोलीत असतात. ज्याच्यावर कोणाचाही कान नाही, ते संगीत घाईत उरकले जाणारच. त्याहून मोठी हानी अशी की मूल एकटेच ऐकते. ऐकता ऐकता वर पाहावे आणि आईच्या चेहऱ्यावर तोच आनंद दिसावा, हा गाणे शिकण्याचा पहिला धडा त्याला मिळत नाही.

शाळांनी या बाबतीत थोडे मनावर घेतले तर पुष्कळ साधेल. स्नेहसंमेलनात चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकेवर मुलांना नाचविण्याऐवजी, एक पेटी, एक तबला आणि मुलांच्या गळ्याला मानवेल अशी पट्टी घेऊन चार बालगीते त्यांच्याकडून गाऊन घ्यावीत. मूळ ध्वनिमुद्रणाच्याच पट्टीत ओढून ताणून गावयास लावल्याने कित्येक मुलांचा समज होतो की आपल्याला गाता येत नाही. दोन-चार पालकांनाही मंचावर, मुलांच्या मागे, उभे करावे. शब्द त्यांना बहुधा पाठच असतील.