परदेशी जाणाऱ्या नर्सची हाताची परीक्षा

तिरोडीच्या एका अंगाला मँगनीजच्या खाणी, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. खाणीत सर्वांनाच काम मिळत नाही, आणि बांधी भावाभावांत वाटली जाऊन लहान होत जाते. म्हणून आपल्या घरच्या मुली नर्सिंग शिकतात. पुढे बालाघाट, गोंदिया, नागपूरकडे काही वर्षे नोकरी झाली की इंग्लंडला जाण्याची गोष्ट निघते. तेव्हा घरची वडीलधारी माणसे विचारतात, "पोरगी पास झालेली नर्स आहे, मग पुन्हा परीक्षा कसली?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज आम्ही देत आहोत.

परीक्षा कशी असते?

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून काम करण्यासाठी तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलमध्ये नाव नोंदवावे लागते. त्यासाठी इंग्रजी भाषेची परीक्षा असते आणि कामाच्या परीक्षेचे दोन भाग असतात. पहिला भाग संगणकावर, तो भारतात देता येतो. दुसरा भाग हाताने काम करून दाखविण्याचा, आणि तो तेथे जाऊनच द्यावा लागतो. त्याला 'ऑस्की' म्हणतात. स्कॉटलंडमधील डंडीचे डॉ. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत मांडली. सर्वांना तेच काम, तीच वेळ, तोच गुणतक्ता; म्हणजे परीक्षकाच्या मर्जीवर निकाल राहत नाही.

२०२१ पासून या परीक्षेत दहा ठाणी आहेत. चार ठाण्यांवर एकाच रोग्याची देखभाल क्रमाने करावयाची: तपासणी, काळजीची आखणी, औषध देणे आणि शेवटी दुसऱ्या नर्सकडे रोगी सोपविणे. चार ठाण्यांवर इंजेक्शन, जखमेची पाहणी, पाणी किती प्यायले व लघवी किती झाली याचा हिशेब अशी सुटी कामे असतात. उरलेली दोन ठाणी लेखी. रोगी म्हणून कोठे नट असतो, कोठे पुतळा.

मुली कोठे अडतात?

ज्ञान कमी पडते म्हणून नव्हे, सवय वेगळी पडते म्हणून. आपल्याकडे एका नर्सकडे पुष्कळ रोगी. सकाळपासून ओळखीच्या झालेल्या बाईला गोळी देताना तिचे नाव पुन्हा कोण विचारणार? पण परीक्षेत दर वेळी नाव व जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहावी लागते. कोणते औषध सोसत नाही ते विचारावे लागते. मागची मात्रा केव्हा दिली, गोळीची मुदत संपली का, हे पाहावे लागते. परीक्षक जे पाहतो आणि ऐकतो त्यालाच गुण देतो. मनातल्या मनात केलेली तपासणी तेथे केलीच नाही असे धरतात. म्हणून हात चालत असताना तोंडही चालले पाहिजे.

पऱ्हे घरीच टाकावे

नियमाप्रमाणे कामावर रुजू झाल्यापासून १२ आठवड्यांत पहिला प्रयत्न करावा लागतो आणि ८ महिन्यांत पास व्हावे लागते. तेथील राहण्याची परवानगी त्यावर अवलंबून असते. मृग लागल्यावर पऱ्हे टाकण्याचा विचार करणाऱ्याचा रोवणा मागे पडतो, तसेच हे आहे. तयारी निघण्याच्या तीन-चार महिने आधी घरीच सुरू करावी.

१. घरचे कोणीतरी रोगी व्हावे. आजीला खाटेवर बसवून मुलीने दर वेळी आपले नाव सांगावे, तिची संमती घ्यावी, मग हात लावावा.

२. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. मोठ्या माणसाचे १२ ते २० श्वास ठीक. श्वास, प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देऊन बेरीज करण्याची 'न्यूज २' नावाची रीत तेथे आहे. बाहेरून प्राणवायू लावला असेल तर त्याचेही गुण धरतात. बेरीज ७ किंवा अधिक झाली तर तातडीने मदत बोलवावी लागते. हा तक्ता रोज भरावा.

३. साबणपाण्याने हात ४० ते ६० सेकंद धुवावेत. बोटांच्या फटी आणि अंगठा विसरू नये.

४. सर्व इंग्रजीत, मोठ्याने आणि घड्याळ लावून करावे. चूक झाली तर लपवू नये, बोलून सुधारावी.

पैशाची गोष्ट

दुसऱ्या भागाची फी ७९४ पौंड आहे, म्हणजे पाऊण लाख रुपयांच्या वर. पुष्कळ इस्पितळे पहिल्या वेळची फी स्वतः भरतात. करारात तसे लिहिले आहे का ते पाहावे. नोकरी लवकर सोडल्यास किती पैसे परत द्यावे लागतील तेही वाचावे. एका अर्जावर तीन प्रयत्न मिळतात आणि पुन्हा बसताना नापास झालेली ठाणीच द्यावी लागतात. तिन्ही वेळा अपयश आले तर नव्या अर्जासाठी सहा महिने थांबावे लागते.

एजंटासाठी बांधी गहाण ठेवू नका, असे आम्ही कळकळीने सांगतो. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना नसलेल्याच्या हाती पासपोर्ट देऊ नये. परवाना असलेल्यालाही ३०,००० रुपये आणि त्यावरील कर याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. इंग्लंडच्या सरकारी आचारसंहितेप्रमाणे तर नोकरी लावून देण्याचे पैसे नर्सकडून घ्यावयाचेच नाहीत.

मुलगी गेली वा न गेली, ही मेहनत वाया जात नाही. आजीचा श्वास २५ वर गेला हे जिला मोजून कळते, ती वेळेवर दवाखान्याची गाडी बोलावते. तेव्हा आईबापांनो, संध्याकाळी अर्धा तास मुलीसमोर रोगी होऊन बसा. धानाच्या कामाच्या दिवसांतही एवढा वेळ निघेल.