यकृताची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून : आधी डुकरावर, मग माणसावर

धार-देवासकडच्या आपल्या घरांत पोटाचे मोठे दुखणे निघाले की रोग्याला इंदूरला नेतात. तिथे हल्ली डॉक्टर विचारतात, ‘पोट उघडून करायचे की दुर्बिणीतून?’ पित्ताशयाच्या खड्यांसाठी ही पद्धत आता ओळखीची झाली आहे. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया केली. यकृताचे काम मात्र अधिक अवघड आहे.

यकृत म्हणजे बकऱ्याच्या पोटातली कलेजी. माणसाचे यकृत सुमारे दीड किलोचे असते आणि त्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्यात कर्करोगाची गाठ झाली तर तो भाग कापून काढावा लागतो. कापताना रक्तस्राव आवरणे ही पहिली अडचण. दुसरी अडचण वायूची. दुर्बिणीसाठी पोट कार्बन डायॉक्साइड वायूने फुगवतात. कापलेल्या शिरेतून तो रक्तात शिरून हृदयापर्यंत गेला तर?

हे माणसावर करून पाहणे शक्य नव्हते. दुर्बिणीची ही विद्या मुळातच प्राण्यावर सिद्ध झाली. जर्मन शल्यवैद्य केलिंग यांनी १९०१ साली हॅम्बुर्ग येथे कुत्र्याच्या पोटात हवा भरून, नळीतून आत पाहून दाखवले. यकृतासाठी संशोधकांनी डुक्कर निवडले, कारण त्याचा आकार व रक्ताभिसरण माणसाच्या जवळचे आहे. डुकराला भूल देऊन यकृताची मोठी शीर मुद्दाम उघडली आणि हृदयावर अल्ट्रासाउंडने नजर ठेवली. वायूचे बुडबुडे हृदयात पोचतात हे दिसले. परंतु हा वायू रक्तात लवकर विरघळतो व श्वासावाटे निघून जातो. थोडा गेला तर प्राणी बहुधा सहन करतो. एकदम पुष्कळ गेला तर रक्तदाब कोसळतो. पोटातला दाब वाढवला की रक्त कमी जाते, पण वायू शिरण्याचा धोका वाढतो. म्हणून शल्यवैद्य दाब बेताचा, बहुधा १२ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास ठेवतात, आणि भूलतज्ज्ञ रोग्यावरची नजर हलवत नाही.

तरीही डुक्कर म्हणजे माणूस नव्हे. त्याच्या यकृताचे भाग खोल चिरांनी वेगळे झालेले असतात. प्रयोगातला प्राणी तरुण व निरोगी असतो, तर रोग्याचे यकृत दारूने वा काविळीने कडक झालेले असू शकते. म्हणून अनुभवी हाताला पर्याय नाही.

मुक्या जिवाला यासाठी वेदना द्याव्यात का? गुरेढोरे पाळणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. माणसाचे प्राण वाचत असतील तर मर्यादेत राहून असे प्रयोग करता येतात. विनाकारण छळ मात्र मनुष्यत्वाला शोभत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आपल्या देशाचा १९६० चा कायदाही भूल देण्याचा आग्रह धरतो आणि शक्य तिथे प्रयोग टाळण्यास सांगतो.

घरातल्या कोणाला ही शस्त्रक्रिया सांगितली तर तीन गोष्टी विचाराव्या : आपण यकृताच्या अशा शस्त्रक्रिया किती केल्या? रक्ताची सोय आहे का? अडचण आली तर लगेच पोट उघडण्याची तयारी आहे का? छिद्र लहान असले तरी शस्त्रक्रिया मोठीच असते.

आणि एक घरचा उपाय. कुत्र्याच्या पट्टकृमीमुळेही माणसाच्या यकृतात पाण्याची गाठ होते व शस्त्रक्रियेची पाळी येते. तेव्हा बकरे कापल्यावर पाण्याचे फोड असलेली कलेजी कुत्र्यापुढे टाकू नये. खोल पुरावी किंवा जाळावी.