मेडन-मेटालिका पाठ झालं, आता पुढे काय? कमी ऐकलेले चार मेटल अल्बम

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. तो म्हणतो, आयर्न मेडन, मेटालिका, ब्लॅक सबाथ, स्लेयर सगळं पाठ झालंय. अ‍ॅप उघडलं की फिरून फिरून तेच वीस अल्बम समोर येतात. कुठल्या तरी यादीतून अनोळखी अल्बम लावून पाहिले, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आणि गायक विचित्र. दहा मिनिटांत बंद केले. मग मेटलमध्ये ऐकण्यासारखं एवढंच होतं का?

नाही रे बाबा. यादी नुसती नावं देते, ओळख करून देत नाही, म्हणून तसं होतं. आपण उलटं करू. जे तुला आधीच आवडतं त्याचा धागा पकडायचा आणि पुढे जायचं. आणि एक गोष्ट डोक्यात ठेव : कमी ऐकलेला अल्बम म्हणजे कमी दर्जाचा अल्बम नव्हे. त्या काळात रेकॉर्ड दुकानात पोचवायला कंपनी लागायची, पैसा लागायचा, चांगला मॅनेजर लागायचा. हे ज्यांना मिळालं नाही ते मागे पडले. जुन्या जाणत्या मेटलवाल्यांना हे चारही अल्बम माहीत असतील, त्यांनी आज आम्हाला सांभाळून घ्यावं.

धागा मेटालिकाचा : डायमंड हेड, 'लाइटनिंग टू द नेशन्स' (१९८०)

'अ‍ॅम आय ईव्हिल?' हे गाणं तू मेटालिकाचं म्हणून ऐकलं असशील. ते मुळात इंग्लंडमधल्या स्टूरब्रिजच्या या पोरांचं. मोठ्या कंपनीने हात दिला नाही, म्हणून त्यांनी अल्बम स्वतःच काढला. मुखपृष्ठावर चित्र नाही, नाव नाही, नुसता पांढरा कागद. १९८१ मध्ये लार्स उलरिक नावाचा एक किशोरवयीन चाहता त्यांना बघायला अमेरिकेहून इंग्लंडला आला आणि गिटारवादक ब्रायन टॅटलरच्या घरी राहिला. त्याच वर्षी परत जाऊन त्याने मेटालिका उभी केली. मेटालिकाने या सात गाण्यांच्या अल्बममधली चार गाणी पुढे स्वतः वाजवली. यावरून काय ते समज.

आधी मेटालिकाचं 'अ‍ॅम आय ईव्हिल?' लाव, लगेच मूळ लाव. मूळ गाण्यात राग कमी, झुलणं जास्त. शॉन हॅरिसचा गळा लेड झेपेलिनच्या घराण्यातला वाटतो. मग 'हेल्पलेस' ऐक. थ्रॅशचा वेग पुढे कुठून आला, ते तिथे सापडेल.

धागा ब्लॅक सबाथचा : कॅण्डलमास, 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस' (१९८६)

१९८६ म्हणजे 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि 'रेन इन ब्लड'चं वर्ष. सगळं जग वेगाच्या मागे लागलेलं. त्याच वर्षी स्वीडनच्या या बॅंडने मुद्दाम संथ वाजवलं. गाणी लिहिणारा बासवादक लाइफ एडलिंग, गायक योहान लॅंगक्विस्ट. लॅंगक्विस्ट तर फक्त रेकॉर्डिंगपुरता पाहुणा म्हणून आलेला. अल्बम खपला नाही आणि कंपनीने बॅंडला निरोप दिला. आज 'एपिक डूम' या प्रकाराची ओळखच या अल्बमच्या नावावरून सांगतात. तोच लॅंगक्विस्ट २०१८ मध्ये, म्हणजे तीस वर्षं उलटून गेल्यावर, बॅंडमध्ये परत आला. पुढच्या अल्बममधल्या एका गाण्यात सबाथचा टोनी आयोमी वाजवून गेला आणि त्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं.

'सॉलिट्यूड'पासून सुरुवात कर. हळू आहे म्हणून घाई करू नकोस. विलंबित ख्याल ऐकताना आपण पुढच्या समेची वाट बघतो ना, तसं इथे पुढच्या रिफची वाट बघायची. रिफ म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारी सुरावट. दोन ठोक्यांमधली जागा हीच इथे खरी जड असते.

धागा आयर्न मेडनचा : मनिला रोड, 'क्रिस्टल लॉजिक' (१९८३)

मेडनमधल्या गोष्टी, लढाया, पुराणं आवडत असतील तर हा तुझा अल्बम. बॅंड अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटाचा. लॉस एंजेलिस लांब, न्यूयॉर्कही लांब. तिघेच जण आणि अल्बम स्वतःच्याच लेबलवर. पैसा मेडनचा नाही, त्यामुळे आवाज कोरडा आहे. मार्क शेल्टन नाकातून गातो. पहिल्यांदा कानाला खुपतं, मी आधीच सांगून ठेवतो. पण तो हुकमी गायक म्हणून गात नाही, शेकोटीपाशी बसून गोष्ट सांगणाऱ्या माणसासारखा गातो. हे एकदा लक्षात आलं की त्या गोष्टीला दुसरा गळा चालणारच नाही असं वाटायला लागतं.

'नेक्रोपोलिस' छोटं आणि चटकदार आहे, ते आधी. मग शेवटचं 'ड्रीम्स ऑफ एस्काटॉन', दहा मिनिटांहून लांब, दिवे घालवून. शेल्टनला मोठं यश कधी मिळालं नाही, तरी तो शेवटपर्यंत वाजवत राहिला. २०१८ मध्ये जर्मनीत एका महोत्सवात वाजवल्यावर काही तासांतच तो गेला.

धागा स्लेयरचा : कोरोनर, 'नो मोअर कलर' (१९८९)

झ्युरिकचे हे तिघे. यांतले काही जण आधी सेल्टिक फ्रॉस्टचं सामान उचलायचे. वेग थ्रॅशचा, पण बोटं अशी स्वच्छ की एकही सूर सांडत नाही. आठ गाणी, पस्तीस मिनिटांच्या आत खेळ खलास. दोनच वर्षांनी ग्रंजची लाट आली आणि थ्रॅशचं मार्केट बसलं. नाव व्हायच्या आतच यांचा काळ सरला.

'डाय बाय माय हॅण्ड' हेडफोनवर ऐक. एकदा फक्त गिटारकडे लक्ष दे, दुसऱ्यांदा फक्त बासकडे. तिघेच वाजवतायत यावर विश्वास बसणार नाही.

आता ऐकायचं कसं?

एका आठवड्यात एकच अल्बम, आणि तो तीनदा. पहिल्यांदा कान फक्त त्या आवाजाला सरावतात. गायक विचित्र वाटणं, ड्रम पोकळ वाटणं, हे सगळं पहिल्या खेपेलाच होतं. दुसऱ्यांदा रिफ ओळखीचे होतात. तिसऱ्यांदाही काही लागलं नाही, तर खुशाल सोडून दे. ती तुझी आवड नाही, इतकंच. पण दहा मिनिटांत निकाल देऊ नकोस. 'मास्टर ऑफ पपेट्स' तरी पहिल्या ऐकण्यात कुठे पाठ झाला होता?

आणि अ‍ॅपवर विसंबू नकोस. जे लाखोंनी ऐकलंय तेच ते पुढे ढकलतं. मागे राहिलेलं संगीत माणसाकडून माणसाकडेच जातं. लार्सला स्टूरब्रिजपर्यंत कुठल्या अ‍ॅपने नेलं नव्हतं. यातला एक जरी अल्बम आवडला, तर तो आणखी एका मित्राला ऐकव. आणि कुठला आवडला ते आम्हालाही कळव.

भेटू पुढच्या भागात. तोवर आवाज वाढवा, शेजाऱ्यांना मात्र सांभाळा!