झिजलेला पेच आणि बळाचा भ्रम

बंगळुरातील एस. पी. रोडवरून संगणकाचे सुटे भाग आणून घरीच जोडणी करणाऱ्या मराठी मंडळींकडून एक विधान माझ्या कानी सातत्याने येत असते: मदरबोर्डच्या एखाद्या स्क्रूच्या डोक्यावरची खाच गुळगुळीत झाली आणि तो फिरेनासा झाला, की समजावे जोर कमी पडला, मनगटात बळ असलेल्या माणसाला बोलवावे, म्हणजे काम फत्ते. हे विधान इतक्या निःशंकपणे केले जाते की त्याचे खंडन करण्याचा आता वीट येऊ लागला आहे. परंतु त्याची किंमत प्रत्येक वेळी एखाद्या निर्दोष बोर्डाला मोजावी लागत असल्यामुळे या प्रकरणाचा एकदा सविस्तर निकाल लावणे अगत्याचे आहे.

वस्तुस्थिती अशी की खाच झिजते तीच मुळी अशा जोरामुळे. अधिक चिन्हासारख्या फिलिप्स खाचेच्या भिंती उभ्या नसून किंचित उतरत्या असतात; त्यामुळे पेचकस पिळला की त्याचे टोक वर ढकलले जाते, आणि त्याला खाली दाबून धरणारा भार पिळाच्या मानाने अपुरा पडताच ते टोक भिंतीवर चढून, धातू खरवडत बाहेर पडते. पिळाचे बळ वाढवीत जाणारा मनुष्य खाचेचा उरलासुरला आधारही स्वतःच्या हाताने नष्ट करीत असतो. आणि निसटलेले टोक बोर्डावर घसरून तांब्याची एखादी सूक्ष्म वाहिनी तोडते, तेव्हा ‘बोर्डच खराब निघाला’ अशी फिर्याद दुकानदाराकडे नेली जाते. असे निसटणे ही पेच अतिरिक्त आवळला जाऊ नये म्हणून मूळ संशोधकाने केलेली तजवीज आहे, असेही काही जण ऐकवतात. ज्यांना शंका असेल त्यांनी ऑरेगनमधील पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांना 1936 साली मिळालेली पेटंटे वाचावीत. त्यांत या हेतूचा उल्लेख नाही, तो 1949 साली मंजूर झालेल्या एका सुधारणेच्या पेटंटात आढळतो.

ज्या बंगळुरात 1940 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना केली आणि 1953 साली हिंदुस्तान मशीन टूल्स उभे राहिले, त्या शहरात तरी पेचाला लावायचे बळ मोजूनमापून लावायचे असते, हे पुन्हा पुन्हा सांगण्याची पाळी येऊ नये.

म्हणून हत्यार उचलण्यापूर्वी पेच नेमका कशामुळे अडला आहे याची चौकशी करावी. संगणकाच्या पेटीत बहुधा दोन जातींचे पेच नांदतात: एक 6-32, म्हणजे सुमारे 3.5 मिलिमीटर जाडीचा आणि इंचाला 32 आटे असलेला; दुसरा एम 3, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीचा आणि 0.5 मिलिमीटर अंतराने आटे असलेला. यांतला पहिला पेच दुसऱ्यासाठी केलेल्या पितळी स्टँडऑफमध्ये, म्हणजे बोर्डाला पेटीच्या पत्र्यापासून वर धरणाऱ्या आधारात, रेटला, की एकदोन वेढ्यांतच तो रुतून बसतो, आणि पुढे तो काढताना दोष मात्र खाचेच्या माथी येतो. क्वचित खाच शाबूत असते, पेच फिरतोही, पण वर येत नाही. कारण त्याच्यासकट खालचा स्टँडऑफच फिरत असतो. अशा ठिकाणी पहिलवान आणला तरी तो पेच जन्मभर फिरवीत बसेल.

इलाज क्रमाने करावेत. प्रथम वीजजोडणी काढून बाकीचे सर्व पेच सोडवावेत, म्हणजे भोके किंचित चुकल्यामुळे या पेचावर आलेला आडवा ताण उतरतो. मग योग्य मापाचा, न झिजलेल्या टोकाचा पेचकस घ्यावा. 6-32 पेचाला सामान्यतः दोन नंबरचा लागतो, आणि मोबाइल दुरुस्तीच्या संचातला शून्य नंबरचा त्या खाचेत केवळ डगमगतो. पेचकस अगदी उभा धरून, शरीराचा भार खाली देत, घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवावा. भोकाच्या नेमके खाली स्टँडऑफ असल्यामुळे सरळ दिलेला दाब बोर्डाला न वाकवता पत्र्यावर उतरतो. धोका असतो तो हात तिरपा झाला तर. डोके षट्कोनी असेल तर खाचेकडे ढुंकूनही न पाहता नटाचा पाना वापरावा. गोल असेल तर ते बोर्डाच्या पातळीच्या वर असल्यामुळे लांब चोचीच्या पकडीने कडेवर धरून फिरवता येते. स्टँडऑफ फिरत असेल तर बोर्ड आणि पत्रा यांच्या फटीतून बारीक पक्कड सरकवून त्याच्या सपाट बाजू धराव्यात, आणि मगच वरचा पेच सोडवावा.

या मुख्य भ्रमाच्या आश्रयाने वावरणाऱ्या इतर समजुतींचा परामर्श थोडक्यात घेता येईल.

रबराचा तुकडा मध्ये धरला की कोणताही पेच निघतो: खाच थोडीच झिजली असेल तर निघतो, रुतलेल्या पेचावर रबर फाटते आणि त्याचे कण खाचेत अडकतात.

चुंबकी पेचकस बोर्ड जाळतो: मदरबोर्डवरील स्मृती विद्युतभार साठवते, चुंबकत्व नव्हे, आणि हार्ड डिस्कच्या पोटात तर स्वतःचेच बलवान चुंबक असतात, ही भीती फ्लॉपीच्या काळातली आहे.

गंज सोडवणारे तेल फवारावे: अडचण गंजाची नसताना तेलाचा उपयोग नाही, आणि ते जोडण्यांच्या खाचांत पसरते.

फेविक्विकने पेचकस चिकटवावा: तो पातळ द्रव आट्यांत उतरला तर पेच कायमचा बसतो.

ड्रिल मारून मोकळे व्हावे: हा उपाय खरा आहे, परंतु शेवटचा, धातूचा एक किसही बोर्डावर राहिला तर शॉर्ट सर्किट होते, सबब भोवताल झाकून, मंद गतीने, आणि सवय असलेल्या हातानेच तो करावा.

संगणकाचे बटण बंद केले म्हणजे वीज गेली: तार भिंतीत लागलेली असेतो पुरवठा पेटीतून 5 व्होल्टचा राखीव प्रवाह बोर्डावर येतच असतो.

पेच निघाल्यावर तो काटकसरीपोटी पुन्हा बसवू नये. तो टाकून द्यावा, स्टँडऑफचे आटे तपासावेत, आणि त्याच जातीचा नवा पेच आधी केवळ बोटांनी फिरवून पाहावा. योग्य जोडी असेल तर तो तळापर्यंत विनासायास जातो, मग पेचकसाने अल्पसा आवळला तरी पुरे. बोटांनी तो दोन वेढ्यांत अडला, तर त्याच क्षणी काढून दुसरा शोधावा, कारण पुढच्या वेळी बळकट माणूस शोधण्याची वेळ तिथेच ठरत असते.