सभेची वेळ कोणाच्या सोयीची?

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावर घाटघर आहे. महादेव कोळी समाजाचा हा मुलूख. घाटातील लेण्यात सातवाहनकालीन शिलालेख असून त्यात भारतातील अत्यंत जुने अंक कोरलेले आहेत. शाळा आणि पालक यांच्या संबंधातही येथे अंकांचाच, म्हणजे हिशेबाचा, प्रश्न आहे.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडक घातला. शाळेचा विकास आराखडाही तिनेच करावयाचा. कायद्याच्या दृष्टीने नेतृत्व पालकांचे. परंतु सभा शाळेच्या वेळेत भरली, तर लावणीच्या दिवसांत किंवा नारायणगावच्या बागायतीत मजुरीस गेलेल्या पालकास तिची किंमत एका दिवसाच्या रोजाने मोजावी लागते. तो आला नाही की त्यास उदासीन म्हणून मोकळे व्हावयाचे! वास्तविक त्याने केवळ हिशेब केलेला असतो.

डहाणू तालुक्यातील कोसबाद येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा हिशेब फार पूर्वीच ओळखला होता. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरील अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुख्याध्यापकाचे नेतृत्व याहून निराळे काय असणार? सभा सायंकाळी वाडीवर भरवावी, इतिवृत्त वाचून दाखवावे, आयांना आधी बोलू द्यावे. यास अनुदान लागत नाही. आश्रमशाळेची गोष्ट मात्र अधिक बिकट आहे. तेथे घर आणि शाळा यांच्यामध्ये एस. टी.चे भाडेही उभे असते.